शंभराव्या भागाचे मोजमाप

कडेगावातील एखाद्या शाळेत नववीच्या वर्गात एखाद्या मुलाने उभे राहून विचारले, की पृथ्वी गोल आहे हे कशावरून, तर त्याला मिळणारे उत्तर बहुधा ठरलेले असते. पुस्तकात तसे दिले आहे, आकाशातून काढलेली छायाचित्रे आहेत, आणि एवढे सिद्ध झालेले असताना हा प्रश्न विचारणे हा वर्गाच्या वेळेचा अपव्यय आहे. मुलगा खाली बसतो. त्याच्या घरी मोबाईल असतो आणि त्यावर पृथ्वी सपाट असल्याचे ठासून सांगणारी चित्रे आता खेड्यापाड्यांतूनही पाहिली जातात. त्या चित्रांतील मनुष्य निदान काहीतरी मोजून दाखविण्याचा आव आणतो. शिक्षक मात्र मुलाला शंका सोडून देण्यास सांगतात. या दोघांत मुलाला कोणाचे बोलणे अधिक शास्त्रीय वाटेल, हे सांगण्यास मानसशास्त्रज्ञाची गरज नाही.

पृथ्वी गोल आहे की सपाट, हा वाद वस्तुतः संपलेला आहे. न संपलेला आणि कधीही न संपणारा वाद निराळाच आहे. ती किती गोल आहे, हे कसे मोजावे, मोजताना कोठे फसगत होते, आणि फसगत झाली आहे हे कळावे कसे, हा तो वाद होय. विज्ञानाचे शिक्षण या दुसऱ्या वादात आहे. आपल्या शाळा-महाविद्यालयांनी मात्र पहिल्या वादाचा निकाल तेवढा पाठ करून घेण्यात समाधान मानले आहे. विशेष असे, की हा दुसरा वाद परदेशातून आणावा लागत नाही. महाराष्ट्राच्या भूमीवर तो किमान आठ-साडेआठ शतके चालू आहे.

भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिला. त्यातील गोलाध्यायात त्यांनी सपाट पृथ्वीच्या मताचा जो समाचार घेतला आहे, त्यात श्रद्धेला हात घालण्याचे कारण त्यांना पडलेले नाही. पृथ्वी आरशासारखी सपाट असेल, तर फार उंचावरून फिरणारा सूर्य सर्वांना सर्वकाळ का दिसू नये? मेरुपर्वताच्या आड तो जातो म्हणून रात्र होते असे म्हणावे, तर मधला मेरू का दिसत नाही? आणि मग त्यांनी सामान्य माणसाच्या अनुभवाचेही उत्तर दिले. पृथ्वी डोळ्यांना सपाट दिसते, हे ते नाकारीत नाहीत. वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळ रेषेसारखाच भासतो, पृथ्वी प्रचंड आणि मनुष्य अत्यंत लहान, म्हणून त्याला जेवढा तुकडा दिसतो तेवढा सपाट दिसणारच, असा त्यांचा युक्तिवाद आहे. विरोधकाचा अनुभव खोटा न ठरविता त्याचे कारण सांगणे, ही वादाची फार वरच्या दर्जाची रीत होय. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने जो मठ स्थापिला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथे सापडला आहे.

या शंभराव्या भागाचा कडेगावशी एक मौजेचा संबंध आहे. कडेगावचा अक्षांश सुमारे १७.३ अंश आणि पाटणपासून फारसे दूर नसलेल्या धुळ्याचा सुमारे २०.९ अंश. फरक ३.६ अंशांचा, म्हणजे ३६० अंशांचा बरोबर शंभरावा भाग. भास्कराचार्यांना जो तुकडा सपाट भासेल असे वाटले, तोच हा तुकडा. कडेगावच्या मैदानात आणि धुळ्याच्या मैदानात एकेक काठी उभी करून दोन्हीकडील मध्यान्हीची सावली एकाच दिवशी मोजली आणि दोन्ही गावांमधील दक्षिणोत्तर अंतराला शंभराने गुणले, की पृथ्वीचा परीघ हाती येतो. मार्ग भास्कराचार्यांनीही सांगितलेला आहे. एकाच दक्षिणोत्तर रेषेवरील दोन स्थळांच्या अक्षांशांतील फरक आणि त्यांमधील अंतर यांचे त्रैराशिक मांडावे, म्हणजे झाले. त्यांच्याही पूर्वी, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, इजिप्तमध्ये एराटॉस्थेनीसने हेच केले होते.

मग हे कडेगावात आजवर का केले जात नाही? साहित्याची अडचण सांगता येणार नाही. एक मीटरची सरळ काठी, गवंड्याचा ओळंबा, पाणसळ आणि पट्टी एवढेच लागते. अडचण आहे ती आपल्या प्रयोगवहीची. महाविद्यालयांतून प्रात्यक्षिकाच्या वह्या कशा भरल्या जातात, हे विद्यार्थी, शिक्षक आणि परीक्षक या तिघांनाही ठाऊक असते. गुरुत्वत्वरणाचे उत्तर ९.८ यावयाचे असते, म्हणून लंबकाची निरीक्षणे मागाहून त्या उत्तराला जुळतील अशी लिहिली जातात. ज्या शिक्षणात उत्तर आधी आणि मोजमाप नंतर, तेथे शंका विचारणारा विद्यार्थी उपद्रवीच ठरतो.

सावलीचा प्रयोग प्रामाणिकपणे केला, तर पहिल्याच दिवशी तो मुलांना अडवितो. मेच्या ९ तारखेच्या आसपास कडेगावात सूर्य मध्यान्ही डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्याच वेळी धुळ्यास एक मीटर शंकूची सावली सुमारे ६३ मिलिमीटर पडावी. परंतु सूर्य हा बिंदू नव्हे. आकाशात ती सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे सावलीची कड धारदार नसते, जवळजवळ ९ मिलिमीटरांच्या पट्ट्यात ती विरत जाते. मोजणाऱ्याने या पट्ट्यात कोठे बोट ठेवावे? तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाले, तरी परिघात दोन हजार किलोमीटरांचा फरक पडतो. कोणी म्हणेल, काठी उंच घ्यावी. मोहरमातल्या गगनचुंबी ताबुतांसाठी प्रसिद्ध असलेल्या कडेगावच्या मुलांना तर ही सूचना आपसूकच सुचेल. पण उंची वाढली की सावलीबरोबर तिची अंधुक कडही त्याच प्रमाणात वाढते, हे दोन वेगवेगळ्या उंचीच्या काठ्या शेजारी लावून पाहिले की पटते. काठीच्या टोकाशी बारीक छिद्र पाडलेली पत्र्याची चकती बसवावी आणि जमिनीवर पडणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याचा मध्य धरावा, हा त्यावरचा इलाज. तो पुस्तकात वाचून कळणे आणि अर्धा तास उन्हात भांडून सापडणे, यांत फार अंतर आहे.

यापेक्षा गंभीर अडचण पुढे आहे, आणि ती नेमकी सपाट पृथ्वीवादी मांडतात. ते म्हणतील, की दोन गावांतील सावल्या वेगळ्या पडल्या याचा अर्थ पृथ्वी वाकलेली आहे असाच कशावरून? जमीन सपाट असून सूर्य जवळ असेल, तरीही सावल्या वेगळ्या पडतील. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण तो बरोबर आहे. प्राचीन चीनमध्ये सपाट जमीन गृहीत धरून शंकूच्या सावल्यांवरून सूर्याची उंचीच काढली गेली होती. कडेगाव-धुळे यांच्या आकड्यांवरून सपाट जमिनीवरचा सूर्य सुमारे ६,३०० किलोमीटर उंचीवर येतो आणि दोन गावांच्या निरीक्षणात काहीही विसंगती राहत नाही. एराटॉस्थेनीसच्या प्रयोगाने पृथ्वी गोल असल्याचे सिद्ध झाले, असे वर्गात सांगणारे शिक्षक येथे अडचणीत येतात. त्या प्रयोगाने गोल मानलेल्या पृथ्वीचा आकार कळतो. ती गोल आहे, हे त्याच्याने सिद्ध होत नाही.

वादाचा निकाल लावावयाचा तर तिसरे गाव हवे, तेही दूरचे. श्रीनगर जवळजवळ कडेगावच्याच रेखावृत्तावर, सुमारे १६.८ अंश उत्तरेस आहे. कडेगावात सावली शून्य असताना वाकलेल्या पृथ्वीच्या हिशेबाने श्रीनगरला मीटरभर शंकूची सावली सुमारे ३०२ मिलिमीटर पडावी, सपाट जमिनीच्या आणि ६,३०० किलोमीटरांवरील सूर्याच्या हिशेबाने सुमारे २९४. साऱ्या वादाचा निकाल ८ मिलिमीटरांत आहे! चकतीतील छिद्राचा इलाज आधी सापडला नसेल, तर हा निकाल सावलीच्या अंधुक कडेत बुडून जाईल. कोणत्या मताने किती मिलिमीटर यावेत, हे मोजण्यापूर्वी लिहून ठेवले, तर मागाहून पळवाट उरत नाही.

अर्थात माणसाने पळवाट काढावयाचीच ठरविली, तर तीही सापडते. १८७० साली इंग्लंडमध्ये जॉन हॅम्पडेन या सपाट पृथ्वीवाद्याने ५०० पौंडांची पैज लावली आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस याने ती घेतली. उत्क्रांतितत्त्वाचा सहसंशोधक म्हणून ख्याती पावलेला वॉलेस तरुणपणी जमीनमोजणीचे काम केलेला. बेडफर्डच्या कालव्यावर सुमारे सहा मैलांच्या टप्प्यात पाण्यापासून सारख्याच उंचीवर खुणा लावून त्याने दाखविले, की दुर्बिणीतून मधली खूण वर उचललेली दिसते. दोन्ही पक्षांच्या पंचांनी एकच दृश्य पाहिले आणि दोघांनी दोन अर्थ काढले! निकाल वॉलेसच्या बाजूने लागला, परंतु हॅम्पडेनने पुढे कित्येक वर्षे त्याला इतका त्रास दिला, की ही पैज घेतल्याचा वॉलेसला पश्चात्ताप झाला. पैसा आणि प्रतिष्ठा पणाला लागली, की मोजमाप दुबळे पडते.

आपल्याकडे या वादाने मराठीतून जे रूप घेतले, ते त्या मानाने पुष्कळ सभ्य होते. भोपाळजवळच्या सिहोर येथे लॅन्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्रोत्साहनाने सुबाजी बापू या मराठी शास्त्र्यांनी १८३६ साली ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. पुराणांतील पन्नास कोटी योजने विस्ताराची पृथ्वी आणि भास्कराचार्यांची पाच हजार योजनांहून थोडा कमी परिघाची पृथ्वी या दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, हा त्यातला पेच. पुण्याच्या यज्ञेश्वरशास्त्र्यांनी ‘अविरोधप्रकाश’ लिहून पुराणे व सिद्धान्त यांत विरोध नाही असे मांडण्याचा यत्न केला, तेव्हा सुबाजींनी त्याचेही परीक्षण करणारा ग्रंथ लिहिला. वादाची प्रेरणा परकीय सत्तेच्या अधिकाऱ्याकडून आली आणि त्यामागे ख्रिस्ती धर्मप्रसाराचे वारे होते, हे विसरता येत नाही. तरीही आपल्याच परंपरेतील एक प्रमाण दुसऱ्या प्रमाणासमोर उभे करून मराठीत गणिताने बोलता येते, हे त्या शास्त्र्यांनी दाखवून दिले. उणीव एकच राहिली. ग्रंथाला ग्रंथाने उत्तर दिले गेले, त्या वादात जमिनीवर शंकू रोवून निकाल मागितला गेला नाही.

त्या काळात जमीन प्रत्यक्ष मोजली जात होती, पण निराळ्या हातांनी. विल्यम लॅम्बटन याने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून सुरू केलेली त्रिकोणमितीय पाहणी दक्षिणेकडून वर सरकत होती. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट डोंगरमाथ्यांवर चढवून त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत पृथ्वीच्या वक्रतेचे माप घेणे, हा तिचा एक मुख्य हेतू होता. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी की विषुववृत्ताकडे आवळलेली, हा न्यूटन आणि कासिनी यांच्या अनुयायांतील वाद फ्रेंच मोहिमांनी १७३५-३६ नंतर न्यूटनच्या बाजूने निकालात काढला होता. चपटेपणा नेमका किती, हे ठरावयाचे होते. लॅम्बटनने आयुष्याची वीस वर्षे या एका प्रश्नावर घालविली आणि १८२३ च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला. त्याची कबर तेथेच आहे. विदर्भातील किती शाळांच्या सहली त्या कबरीपाशी थांबतात, हा प्रश्न न विचारलेलाच बरा.

त्याचे काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेले. वऱ्हाडातील टाकळखेडा येथील निरीक्षणांबद्दल त्याला संशय होता. उत्तरेकडील डोंगरांच्या वस्तुमानाने ओळंबाच किंचित त्या बाजूस ओढला जात असावा, अशी ही शंका. ओळंबा चुकला तर आकाशातील ताऱ्याची उंची चुकते आणि वक्रतेचा सारा हिशेब बिघडतो. पुढे सिरोंजजवळील कल्याणपूर आणि उत्तरेतील कलियाना या दोन ठाण्यांमध्ये जमिनीवरून काढलेले आणि ताऱ्यांवरून काढलेले अंतर जुळेना. फरक ५.२३६ विकलांचा, म्हणजे सुमारे सहाशे किलोमीटरांत अवघ्या १६० मीटरांचा. हिमालयाच्या आकर्षणाने हे होत असेल म्हणून कलकत्त्याच्या प्रॅट या धर्मोपदेशकाने १८५५ साली गणित मांडले, तेव्हा फरक जवळजवळ १६ विकलांचा यावयास हवा होता असे निघाले. हिमालय दिसतो तेवढा जड का भरत नाही? त्याच वर्षी एअरीने सुचविले, की पर्वतांची हलक्या खडकांची मुळे खाली जड थरांत खोल गेलेली असावीत. पर्वतांच्या समतोलाविषयीचे भूशास्त्रातील तत्त्व असे १६० मीटरांच्या चुकीतून जन्मास आले. ही चूक कोणी प्रयोगवहीत गुपचूप दुरुस्त केली असती, तर भूशास्त्राचे केवढे नुकसान झाले असते!

कडेगावच्या शेतकऱ्याला या सर्वांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर त्याच्या बांधापाशी आहे. कृष्णेचे पाणी उचलून या दुष्काळी पट्ट्यात आणणाऱ्या ताकारी आणि टेंभू योजनांचे कालवे पातळीच्या मोजणीवर उभे आहेत. लेव्हल यंत्राच्या दुर्बिणीतून दिसणारी रेषा सरळ जाते, पाण्याची पातळी मात्र पृथ्वीच्या पाठीबरोबर वळते. एका किलोमीटरला हा फरक सुमारे ८ सेंटिमीटर, आणि तो अंतराच्या वर्गाने वाढतो. दहा किलोमीटरला तो ७.८ मीटर होतो. हवेतील वक्रीभवन त्याचा सुमारे सातवा हिस्सा भरून काढते. दर पाच हजार मीटरला एक मीटर उताराचा कालवा धरला, तर दहा किलोमीटरांत त्याचा सारा उतार दोन मीटरच. म्हणजे वक्रता विसरून एका सरळ नजरेने कालवा आखला, तर पाणी शेताकडे येण्याऐवजी माघारी वळेल. व्यवहारात तसे होत नाही, कारण मोजणीदार यंत्र मधोमध ठेवून मागची आणि पुढची पट्टी सारख्या अंतरावरून वाचतो, आणि दोन्ही बाजूंची चूक परस्परांना छेद देते. हा रिवाज पाळणाऱ्या किती जणांना तो कशासाठी आहे हे सांगता येईल, कोण जाणे. (मुलांनी मात्र वाहत्या कालव्यावर वॉलेसचा प्रयोग करू जाऊ नये. कालव्याला उतार असतो.)

प्रयोगातील एक उणीव मात्र झाकून ठेवता येणार नाही. कडेगाव-धुळे दक्षिणोत्तर अंतर कोठून आणावयाचे? एस.टी.च्या तिकिटावरचे अंतर वळणावळणांचे. नकाशावरून घ्यावे, तर नकाशा गोल पृथ्वी गृहीत धरूनच काढलेला. सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशापत्रावर पाव अंशाचे अक्षांश सुमारे ५५ सेंटिमीटर उंचीत मावतात. हुशार विद्यार्थी या उंचीला ५०,००० ने आणि मग १,४४० ने गुणून काठी न रोवताच परीघ सांगून मोकळा होईल. ती सर्वेक्षण विभागाच्या उत्तरपत्रिकेची नक्कल झाली. यातून वाट अशी, की नकाशापत्राचे प्रमाण आपल्या गावच्या दोन खुणांमधील अंतर साखळीने मोजून तपासावे, कडेवरील अक्षांशांकडे पाहू नये, आणि मग पत्रे एकामागून एक जोडून अंतर काढावे. ते सुमारे ३९८ किलोमीटर भरेल. संपूर्ण स्वातंत्र्य यातही नाही. कोणत्याही मोजमापात ते नसते. कोणाच्या शब्दावर किती विसंबलो, हे वहीत लिहिणे एवढेच हातात असते.

योजनाच्या बाबतीत नेमके हेच केले जात नाही. आर्यभटाने पृथ्वीचा व्यास १,०५० योजने दिला, भास्कराचार्यांनी सुमारे १,५८१. दोघांचे योजन एक नव्हे हे उघड आहे, आणि त्यांची नेमकी लांबी आज वादग्रस्त आहे. असे असता आधुनिक आकड्याशी जुळेल अशी योजनाची लांबी उलट गणिताने ठरवावयाची आणि मग आपल्या पूर्वजांचे उत्तर एक टक्क्याच्या आत अचूक होते असे मिरवावयाचे, हा प्रकार वारंवार दृष्टीस पडतो. अर्थशास्त्रात निर्देशांकाचे पायाभूत वर्ष सोयीचे निवडून महागाई हवी तेवढी दाखविता येते, त्यातलाच हा प्रकार. भास्कराचार्यांची थोरवी त्यांच्या रीतीत आहे. तिला या बनावट अचूकतेचा टेकू देणे म्हणजे त्यांनाच प्रयोगवही भरणारा विद्यार्थी ठरविणे होय.

मेमध्ये शाळांना सुट्टी असते आणि सूर्य पुन्हा कडेगावच्या डोक्यावर येतो तेव्हा ऑगस्टचे ढग असतात. पण शून्य सावलीची आवश्यकता नाही, दोन्ही ठिकाणच्या कोनांतील फरक पुरतो. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन या कामी सर्वांत सोयीचा. आकाश बहुधा निरभ्र असते आणि विद्यार्थी गावात असतात. त्या दिवशी मीटरभर शंकूची सावली कडेगावात सुमारे ४७ आणि धुळ्यास सुमारे ५५ सेंटिमीटर पडावी. दोन्ही शाळांनी आपापले आकडे परस्परांना न कळविता पाकिटात बंद करावेत आणि नंतरच उघडावेत. परीघ ३८ हजार किलोमीटर आला काय किंवा ४३ हजार आला काय, आलेला आकडा आहे तसा फळ्यावर लिहावा आणि चूक कोठे शिरली यावर चर्चा करावी. घड्याळाच्या बाराला मात्र कोणी फसू नये. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्ताची आहे, आणि त्या दिवशी कडेगावात खरी मध्यान्ह दुपारी १२ वाजून ४५ मिनिटांच्या सुमारास होते, धुळ्यास त्याच्या मिनिट-दोन मिनिटे आधी. सव्वाबारापासून सव्वा वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी ठिपक्याची खूण करून सर्वांत आखूड सावली निवडावी लागेल. त्यासाठी मधल्या सुट्टीची वेळ बदलावी लागेल, तेव्हा दोन्हीकडच्या मुख्याध्यापकांनी ते आधी पत्राने ठरवून घेतलेले बरे.